पहिला दिवा जास्त पेटणार की! : नववीच्या वर्गात फेट सिम्युलेशन

गेल्या वर्षीच्या घटक चाचणीत मी एक साधा प्रश्न घातला होता. एक विद्युत घट, दोन सारखे दिवे, एकसर जोडणी, म्हणजे दिवे एकाच वाटेत एकापुढे एक. कोणता दिवा जास्त प्रकाश देईल आणि का? नववी ‘ब’मध्ये ४१ मुलं. त्यांतल्या २६ जणांनी ‘पहिला दिवा’ असं लिहिलं. ‘का’च्या पुढची जागा बहुतेकांनी मोकळी सोडली होती.

‘धाराविद्युत’ हा धडा त्या वर्षी मी पडद्यावर दाखवला होता. माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून शाळेला प्रोजेक्टर घेऊन दिला होता आणि त्याच्यासोबत एका विक्रेत्याकडून इयत्तावार धड्यांचा संच पेन ड्राइव्हमध्ये भरून आणला होता. छान आवाज, रंगीत चित्रं, तारेतून पळणारे चमकते बाण. धडा संपेपर्यंत वर्ग इतका शांत की फक्त पंख्याची घरघर ऐकू येत होती. मी समाधानानं शिक्षक कक्षात आले. पेपर तपासायला घेतले आणि ते समाधान गेलं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या बाकावरच्या एका हुशार मुलीला मी विचारलं, “पहिलाच दिवा का गं?” तिनं मान खाली घातली. मी म्हटलं, चुकलं तरी चालेल, तुला काय वाटलं ते सांग. तरी ती बोलली नाही. तिच्या चुकीच्या उत्तरापेक्षा ती खाली गेलेली मान मला जास्त लागली. २६ मुलं एकाच प्रकारे चुकतात तेव्हा ती अंदाजानं चुकत नाहीत. त्यांच्या डोक्यात एक पक्कं चित्र असतं. सोळा वर्षं हा विषय शिकवूनही ते चित्र मला एकदाही दिसलेलं नव्हतं.

ई-लर्निंगच्या मागे मी लागले ती या एका गोष्टीमुळे. मुलांना मोबाइल आवडतो म्हणून शिक्षणही मोबाइलवर द्यावं, हा विचार मला पटत नाही. २०२० साली शाळा बंद असताना ते सगळं करून झालं होतं. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर स्वाध्यायाच्या पीडीएफ, व्हिडिओच्या लिंक, पाठ्यपुस्तकातले क्यूआर कोड स्कॅन करून दीक्षा अ‍ॅपवरचे पाठ. मी विचारायचे, समजलं का? खाली अंगठ्यांची रांग लागायची. त्या अंगठ्यांच्या मागे कोण मूल आहे, ते एकटं आहे की भावाच्या खांद्यावरून बघतंय, मोबाइल त्याच्या हातात आहे की वडिलांबरोबर शेतावर गेलाय, यातलं काहीच कळत नव्हतं. मला मुलांपर्यंत अजून काही पोचवायचं नव्हतं. मुलांकडून माझ्यापर्यंत काही यायला हवं होतं.

आणि शेवटच्या बाकावर एक मुलगा होता. सांगोल्याकडं बहुतेक घरी डाळिंब आणि ठिबक. शेतीपंपाची लाईट रात्रपाळीची असेल त्या आठवड्यात घरातलं कुणीतरी रात्री मोटर सुरू करायला जातं. त्याच्या घरी ते काम त्याचं होतं. पहाटे येऊन झोपायचा आणि साडेदहाला शाळेत. विजेच्या धड्याला तो हमखास पेंगायचा. या पोराला स्टार्टरची पेटी उघडून आटो (लाईट आली की मोटर आपोआप सुरू करणारं यंत्र) जोडता येतो हे मला त्याच्या चुलत बहिणीकडून कळलं. वीज ज्याच्या हातातून रोज जाते त्याला माझ्या विजेच्या तासाला झोप येते, हे मला फार खटकलं.

पंढरपूरकडच्या एका शिक्षक मैत्रिणीनं फेट (PhET) दाखवलं. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाचा हा प्रकल्प आहे. पदार्थविज्ञानाचं २००१ सालचं नोबेल ज्यांना विभागून मिळालं त्या कार्ल वीमन यांनी २००२ साली तो सुरू केला. आज त्यात पदार्थविज्ञान, रसायनशास्त्र, गणित, जीवशास्त्र आणि भूविज्ञान मिळून दीडशेहून जास्त सिम्युलेशन आहेत आणि संकेतस्थळावर ती सगळ्यांना फुकट वापरता येतात. सिम्युलेशन म्हणजे इथे व्हिडिओ नव्हे. पडद्यावर तारा, घट, दिवे, कळ, मीटर पडलेले असतात. ते उचलायचे आणि जोडायचे. काय जोडायचं ते कोणी सांगत नाही. चुकीचं जोडलं तर चुकीच्या जोडणीचं जे व्हायचं तेच होतं.

पहिल्या संध्याकाळी मी एकटीच घरी ‘सर्किट कन्स्ट्रक्शन किट : डीसी’ घेऊन बसले. तास कसा गेला कळलं नाही. घटाच्या दोन टोकांना सरळ तार जोडली तर घटातून ज्वाळा येतात. तार तोडली की विझतात. आमच्या प्रयोगशाळेत सोळा वर्षांत हा प्रयोग मी एकदाही मुलांना करू दिलेला नाही. आमच्याकडे चालू स्थितीतले दोन अ‍ॅमीटर, ते कपाटात. कपाटाची किल्ली माझ्याकडे. मुलांनी हात लावायच्या आधी मीच म्हणते, नीट धरा, जळेल. अशी ताकीद ऐकून मीटर हातात घेतलेलं मूल सांगितलंय तेवढंच करणार. स्वतःचा विचार करून बघायला चुकायची मुभा लागते, आणि ती आमच्या कपाटात नव्हती.

आता तासाबद्दल सांगते, कारण साधन कसं आहे ते तासातच कळतं.

आमच्या संगणक कक्षात ११ संगणक आहेत, चालू ७. इंटरनेटचा भरवसा नाही. पण फेटचं प्रत्येक सिम्युलेशन एका फाइलमध्ये उतरवून घेता येतं आणि ती फाइल साध्या ब्राउझरमध्ये नेट नसताना चालते. काही एमबीचीच असते. मी घरून पेन ड्राइव्हमध्ये नेली आणि सातही संगणकांवर टाकली. जुन्या यंत्रावर उघडायला वेळ लागतो, पण एकदा उघडली की चालते. खेड्यातल्या शाळेसाठी हा एक गुण बाकी दहा गुणांच्या तोडीचा आहे. लॉगिन नाही, ओटीपी नाही, मुलांची नावं आणि नंबर कुठे भरायचे नाहीत.

पहिली दहा मिनिटं मी काहीच सांगितलं नाही. फेटच्या शिक्षकांसाठीच्या सूचनांमध्येही सुरुवातीला मुलांना मोकळं खेळू द्या असाच सल्ला आहे. पहिल्या तीन मिनिटांत चार गटांनी घट पेटवला. हसणं, आरडाओरड. शेजारच्या वर्गावरचे सर दारात येऊन बघून गेले. मग प्रत्येक गट दुसऱ्याचा घट कसा पेटला हे बघायला उठला. “दोन्ही टोकं सरळ जोडली, मधी काय ठिवलंच नाय,” असं एकानं दुसऱ्याला समजावलं. लघुपरिपथाची याहून चांगली व्याख्या माझ्या वर्गात त्याआधी कोणी केली नव्हती.

मग तोच चाचणीतला प्रश्न. एक घट, एकापुढे एक दोन सारखे दिवे. पण आधी संगणकावरून हात काढायचे आणि वहीत लिहायचं की काय होईल. लिहिल्याशिवाय जोडायचं नाही. मी बाकांमधून फिरत होते. ‘पहिला’, ‘पहिला’, ‘दोन्ही सारखे’, ‘पहिला’. मागच्या गटातल्या त्या मुलाला विचारलं, तुझं काय?

“पयला दिवा जास्त पेटणार की, बाई.”

“का रे?”

“ठिबकचं बघा की. नळी लांब असली की पयल्या ड्रिपरला पाणी जादा, शेवटच्याला थेंब थेंब. आन् पाटाचं तसंच. आपण टेलला, आपल्याला काय मिळतंय?”

वर्गातली निम्मी मुलं माना डोलवायला लागली. चाचणीतल्या २६ उत्तरांच्या मागचं चित्र त्या क्षणी माझ्यासमोर आलं. नीरा उजव्या कालव्याच्या शेपटाला राहणारी मुलं ही. वरच्यांनी घेतल्यावर उरलं तर खालच्यांना, हे त्यांनी जन्मापासून पाहिलेलं आहे. वीजही तशीच असणार, पहिला दिवा पिऊन घेणार आणि उरलेली पुढे पाठवणार. जगभरच्या मुलांना धाराविद्युत शिकताना ही अडचण येते, धारा वाटेत ‘खर्च’ होते असं वाटतं, हे मी नंतर वाचलं. पण आमच्या मुलांकडे त्याचं स्वतःचं, शेतातलं कारण होतं, आणि मी शेतकऱ्याच्या घरची असून मला ते सुचलेलं नव्हतं.

मी त्याला चूक म्हटलं नाही. म्हटलं, जोडून बघ. त्यानं जोडलं. दोन्ही दिवे सारखे. तो पडद्याजवळ वाकून बघत राहिला. मग म्हणाला, “मीटर लावतो.” घट आणि पहिल्या दिव्याच्या मध्ये अ‍ॅमीटर लावला, ०.४५ अँपिअर. दोन दिव्यांच्या मध्ये, ०.४५. दुसऱ्या दिव्याच्या पुढे, ०.४५. त्यानं तीन वेळा काढून लावला. शेवटी माझ्याकडे बघून विचारलं, “मग खर्च काय होतंय, बाई?”

हा प्रश्न विचारला जावा म्हणून मी सोळा वर्षं थांबले होते. धारा खर्च होत नाही, मग दिव्याला काय मिळतं? तिथून विभवांतराकडं, म्हणजे व्होल्टेजकडं, जायला मला एक वाक्यही जुळवावं लागलं नाही. त्यानंच व्होल्टमीटर ओढला. सिम्युलेशनमधला घट मुळात ९ व्होल्टचा आणि प्रत्येक दिवा १० ओहमचा असतो. दोन दिव्यांवर साडेचार-साडेचार. एका मुलीनं आणखी एक दिवा घातला, तीन-तीन झाले. “वाटून घेतंय,” ती म्हणाली. ही तीच, चाचणीनंतर मान खाली घालणारी.

आणखी एका गोष्टीसाठी मी या साधनाची ऋणी आहे, आणि ती फक्त मराठी माध्यमाच्या शिक्षकालाच कळेल. पुस्तक म्हणतं, परिपथ बंद असेल तर धारा वाहते. घरी आपण म्हणतो, लाईट बंद कर. आमच्या मुलांसाठी ‘बंद’ म्हणजे विझलेलं. दर वर्षी काही मुलं ‘बंद परिपथात दिवा लागत नाही’ असं लिहितात आणि मी लाल रेघ मारत आले. पडद्यावरच्या कळीचा दांडा डोळ्यांसमोर वर-खाली होतो. दांडा खाली टेकला, वाट पूर्ण झाली, तारेतले इलेक्ट्रॉनचे ठिपके एकदम सगळीकडे हलले. एक मुलगा ओरडला, “दार लावल्यावाणी बंद!” दार लावल्यासारखं, फट न राहिलेलं. तेव्हापासून मी वर्गात तोच शब्द वापरते.

ते ठिपके एकदम हलतात हेही महत्त्वाचं. मोटर सुरू केल्यावर पाणी शेवटच्या ड्रिपरला पोचायला वेळ लागतो. तारेत मात्र इलेक्ट्रॉन आधीपासून भरलेलेच असतात, कळ दाबताच सगळे एकदम सरकतात. हे मी तोंडानं कितीही सांगितलं असतं तरी ठिबकच्या चित्रापुढे टिकलं नसतं.

आता जे खटकलं ते.

सुरुवातीला पडद्यावर इलेक्ट्रॉन दिसतात, म्हणजे ऋण टोकाकडून धन टोकाकडे. पुस्तकातल्या आकृत्यांत संकेतमान्य दिशा, धनाकडून ऋणाकडे. सिम्युलेशनमध्ये दोन्ही दाखवायची सोय आहे, पण शिक्षकानं आधी ठरवलं नाही तर अर्धा तास त्याच गोंधळात जातो. माझा गेला. दुसऱ्या वर्गाला मी आधी इलेक्ट्रॉन दाखवले, त्यांना सरावू दिलं आणि मगच बाण आणले.

दुसरी गोष्ट गंभीर आहे. सिम्युलेशनमध्ये तारा, दिवे यांच्यासोबत पेन्सिल, नाणं, खोडरबर आणि माणसाचा हातही परिपथात जोडता येतो. वाहक कोण आणि दुर्वाहक कोण हे बघायला ते चांगलं आहे. पण आमची मुलं रात्री अंधारात डीपीपाशी, म्हणजे विजेच्या रोहित्रापाशी, जाणाऱ्यांच्या घरची आहेत. डीओ (रोहित्राजवळचा खांबावरचा फ्यूज) उडाला की वायरमनची वाट न बघता काठीनं बसवणारी माणसं त्यांनी पाहिलेली आहेत. ९ व्होल्टच्या घटाशी पडद्यावर हात जोडून बघितलेल्या मुलाला ‘काही होत नाही’ असं वाटून बाहेर पडू देणं हा अपराध ठरेल. मी त्या दिवशी तास थांबवला. घरातल्या २३० व्होल्टचं आणि ओल्या हाताच्या कमी झालेल्या रोधाचं गणित फळ्यावर करून घेतलं आणि डीपीला, पेटीला, तुटलेल्या तारेला हात लावायचा नाही हे प्रत्येकाकडून बोलून घेतलं. फेट वापरणाऱ्या प्रत्येक शिक्षकानं हे करावं, अशी माझी हात जोडून विनंती आहे. पडद्यावरची चूक परत घेता येते याची सवय मुलांच्या हाताला लागता कामा नये.

तिसरी गोष्ट दिव्याची. पडद्यावरच्या साध्या दिव्याचा रोध कायम राहतो. खऱ्या तंतूच्या दिव्यात तंतू तापला की रोध वाढतो, म्हणून खऱ्या दिव्यावर आलेख काढला तर तो सरळ रेषेत येत नाही. हा दोष मला उलट उपयोगी पडला, पण तो दोष आहे हे ठाऊक असलं तरच.

म्हणून मी दुसऱ्या दिवशी खरं साहित्य काढलंच. दीड व्होल्टचे सेल, तारा, टॉर्चचे दिवे. हे टॉर्चचे तंतूचे दिवे आता मिळत नाहीत, सगळीकडे एलईडी. सांगोल्याच्या आठवडी बाजारात सायकलचे जुने सुटे भाग विकणाऱ्याकडं दहा मिळाले, त्यातले आठ लागले. अर्धा वर्ग प्रयोगशाळेत, अर्धा संगणकावर, वीस मिनिटांनी अदलाबदल. खऱ्या दोन दिव्यांपैकी एक थोडा मंद पेटत होता. मुलं भांडायला उठली, बाई, तुमचं सारखं म्हणत होतं, हे सारखं नाही! मग ‘सारखे दिवे’ म्हणजे काय, यावर तास गेला. त्यांनी दिव्यांची जागा बदलून बघितली. मंद तो मंदच राहिला, पुढे असो की मागे. म्हणजे दोष जागेचा नाही, दिव्याचा. मी काहीही न सांगता नववीच्या मुलांनी हे तपासून काढलं. मला त्या दिवशी घरी जाताना रडू येत होतं, इतकं बरं वाटत होतं.

खरं साहित्य आधी की सिम्युलेशन आधी, यावर आमच्या शिक्षक कक्षात वाद झाला. आमचे एक ज्येष्ठ सर म्हणतात, हात लावल्याशिवाय विज्ञान नाही. मलाही तसंच वाटायचं. कोलोरॅडो विद्यापीठातल्या संशोधकांचा २००५ सालचा एक अभ्यास आहे. पदार्थविज्ञानाच्या प्रयोगाच्या तासाला काही विद्यार्थ्यांना खऱ्या तारा-दिव्यांऐवजी हेच सर्किट सिम्युलेशन दिलं. नंतर संकल्पनांच्या प्रश्नांत तर ते विद्यार्थी पुढे राहिलेच, खरा परिपथ जोडून तो समजावून सांगण्यातही सरस ठरले. ते कॉलेजचे विद्यार्थी होते, अभ्यासही प्रकल्पाच्याच विद्यापीठातला, हे लक्षात ठेवून मी तो वाचते. माझा अनुभव एवढाच की सिम्युलेशन आधी केलेल्या मुलांनी खऱ्या तारा हातात घेतल्यावर “कुठं जोडू, बाई?” असं विचारलं नाही. लूज कनेक्शन शोधण्यात मात्र त्यांचा बराच वेळ गेला, कारण पडद्यावर लूज कनेक्शन नसतंच. ते शिकायला खरीच तार लागते.

बाकीच्या सिम्युलेशनबद्दल थोडक्यात. ‘गतीचे नियम’ शिकवताना ‘फोर्सेस अँड मोशन : बेसिक्स’ जरूर घ्या. त्यातल्या रस्सीखेचीवर मुलं तुटून पडतात, पण नववीसाठी खरा माल पुढच्या भागात आहे. घर्षण नसताना ढकलायचं सोडलं तरी पेटी चालतच राहते. बैलगाडी ओढणं थांबवलं की थांबते हे बघत मोठी झालेली मुलं हे बघून अस्वस्थ होतात, आणि ती अस्वस्थता तासाला फार कामाची. दहावीच्या ‘प्रकाशाचे अपवर्तन’साठी ‘बेंडिंग लाइट’ अप्रतिम आहे. कोन हळूहळू वाढवत पूर्ण आंतरिक परावर्तनापर्यंत न्यायचं, ते आमच्या काचेच्या ठोकळ्यावर आणि टाचण्यांवर दिसत नाही.

‘ओहम्स लॉ’ मात्र मला वर्गात फारसं चाललं नाही. दोन पट्ट्या सरकवल्या की सूत्रातली अक्षरं लहान-मोठी होतात. मुलं पट्ट्या सरकवतात, अक्षर फुगलं की हसतात आणि दोन मिनिटांत कंटाळतात. भाकीत करायला, चुकायला त्यात जागा कमी. फळ्यावरचं सूत्र पक्कं करायला पाच मिनिटं ठीक. दीडशे सिम्युलेशन आहेत म्हणून सगळी घ्यायची नाहीत. मी आता प्रत्येकाला एकच कसोटी लावते. यात मुलाला स्वतःचं चित्र मांडून ते मोडताना बघता येतं का?

भाषेबद्दल. फेटची भाषांतरं जगभरचे स्वयंसेवक करतात आणि मराठीतही बरीच सिम्युलेशन आहेत. पण भाषांतर करणारे वेगवेगळे, त्यामुळे बालभारतीच्या पुस्तकातले शब्द जसेच्या तसे मिळतील असं धरून चालू नका. वर्गात नेण्याआधी प्रत्येक शब्द तपासा, कारण ‘रोध’ आणि ‘प्रतिरोध’ यांनी मूल बिचकतं. सुदैवानं या सिम्युलेशनमध्ये वाचायला फार कमी असतं, चित्रांवरच काम चालतं. पहिल्यांदा मी इंग्रजीच वापरलं आणि शब्दांची मराठी यादी फळ्यावर लिहून ठेवली. मुलांना काही अडलं नाही. ज्या शिक्षकांना इंग्रजी आणि मराठी दोन्ही परिभाषा येतात त्यांनी भाषांतराच्या कामात हात लावला तर आपल्याच मुलांचा फायदा आहे. मी मे महिन्याच्या सुट्टीत ते शिकून घेणार आहे.

मोबाइलवर चालतं, पण छोट्या पडद्यावर बोटाखाली तार झाकली जाते आणि दोन टोकं जुळवताना मुलं वैतागतात. घरी आईच्या मोबाइलवर सहज बघायला ठीक, तासासाठी संगणक किंवा निदान टॅबलेट हवा. संगणक नसतील तर एक लॅपटॉप आणि प्रोजेक्टर पुरतो, अट एकच : माउस शिक्षकाच्या हातात राहता कामा नये. मूल पुढे येईल, वर्ग सांगेल, ते जोडेल. माउस मी धरला त्या तासाला वर्ग पुन्हा पंख्याचा आवाज ऐकू येण्याइतका शांत झाला होता, आणि ती शांतता मी ओळखते आता.

वेळ लागतो. फळ्यावर दोन तासांत होणारा भाग मला पाच तास गेला. अभ्यासक्रम संपवायचा ताण सगळ्यांना आहे, मलाही आहे, दहावीला तर जास्तच. मुख्याध्यापकांनी विचारलं तेव्हा मी त्यांना वह्या दाखवल्या. डाव्या पानावर भाकीत, उजव्या पानावर काय झालं आणि खाली ‘मग माझं काय चुकलं होतं’. त्यांनी तीन-चार वह्या सावकाश वाचल्या आणि शनिवारचा एक जोडतास दिला.

तो मागच्या बाकावरचा मुलगा अजूनही कधीकधी झोपतो, कारण रात्रपाळीची लाईट काही बदललेली नाही. पण विजेच्या तासाला तो पुढे येऊन बसतो. गेल्या आठवड्यात त्यानं विचारलं, “बाई, यात दोनच वायर. आमच्या मोटरला तीन फेज. एक फेज गेली तर मोटर गुरगुरती आन् जळती. ते यात कसं दाखवायचं?” फेटमध्ये एसी परिपथाचं सिम्युलेशन आहे, मी ते उघडून बघितलं. त्यात तीन फेजची मोटर नाही. मी त्याला तसं सांगितलं. शनिवारच्या जोडतासाला तो घरचा जळका स्टार्टर घेऊन येणार आहे आणि मी तालुक्याच्या आयटीआयमधल्या एका निदेशकांना विनंती केली आहे की तासभर या.